बांधाच्या दोन्ही बाजूंची ताटं

१२ जानेवारी १९९८, सोमवार

आज माझं वजन मार्केट यार्डात झालं. कांद्याच्या काट्यावर.

आमच्या डॉक्टरांकडचा काटा एकशेतीसला संपतो. त्यावर उभा राहिलो की सुई शेवटच्या रेघेला जाऊन अडकते आणि कंपाउंडर भिंतीकडे बघायला लागतो. खरं वजन कळल्याशिवाय पुण्याच्या सर्जनला चिठ्ठी देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या बायकोच्या, माधुरीच्या, शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या यजमानांची यार्डात आडत आहे, त्यांना तिनं विचारून ठेवलं होतं. सकाळी गर्दी नसते म्हणून लवकर गेलो, तर गर्दी होतीच. हमालांनी काट्यावरच्या गोण्या उतरवल्या आणि मला चढायला हात दिला. तोलणाऱ्यानं सवयीनं मोठ्यांदा सांगितलं, "एक क्विंटल बावन्न." एका शेतकऱ्यानं विचारलं, काय भाव लागला. सगळे हसले, मीही हसलो. जाड्या माणसाला आधी हसावं लागतं, नाहीतर लोकांची पंचाईत होते.

घरी येऊन माधुरीला आकडा सांगितला तर ती स्कूटर काढून शाळेत गेली. त्या स्कूटरवर मागे बसायचं मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं. आई मात्र म्हणाली, "दीष्ट लावली आसंल त्या हमालांनी." आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात हे कसं चालतं, असं विचारलं तर म्हणते, बुद्धाला मिठाचं काय वाकडं हाय.

१५ जानेवारी

डॉक्टरांनी आज विचारलं, वजन एवढं वाढलं कसं. मी खरं तेच सांगितलं. हद्दीमुळे.

त्यांना कळेना. ते शहरातले, त्यांच्या बांधावर कधी कुणी मोजणीची साखळी टाकलेली नाही. मी भूमी अभिलेखात सर्व्हेअर, सध्या कर्जत तालुक्यात. शेतकरी मोजणी मागवतो ती शेजाऱ्याशी वाजलं असेल तेव्हाच. आणि मोजणीच्या दिवशी दोघंही सर्व्हेअरला जेवायला बोलावतात. एकाकडे जेवलं की दुसरा म्हणतो, साहेब फिरले. कुणाकडेच नाही जेवलं तर दोघंही म्हणतात, साहेबांना जेवणापेक्षा वेगळं काहीतरी पाहिजे. म्हणून दोन्हीकडे जेवायचं आणि सारखं जेवायचं. इकडे तीन पोळ्या तर तिकडे तीन पोळ्या. नोकरी लागल्यापासून मी बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखा जेवत आलोय. माझ्या मोजणीवर पक्षपाताचा शब्द कुणी काढलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय म्हणून सांगायचं. ऑफिसातले बाकीचे तेच सांगतात, चहावर भागवतात. मला ते जमत नाही. का जमत नाही, हे डॉक्टरांना सांगितलं नाही, इथे लिहितो. माझे वडील, रखमाजी, याच तालुक्यात लोकांच्या शेतावर राबले. त्यांना भाकरी वरून टाकत, ती ते उपरण्यात झेलत आणि खळ्याच्या कडेला बसून खात. आता त्याच घरांत मला पाट मांडतात, ताटाभोवती रांगोळी काढतात. ते ताट मी परत कसं करू?

गेल्या आठवड्यात राशीनला टेबलावरच्या नकाशावर वाकलो आणि तसाच उभ्या उभ्या झोपलो. रात्री माझा श्वास मध्येच थांबतो म्हणे, माधुरी हलवते तेव्हा परत सुरू होतो. डॉक्टर तिला म्हणाले, एखाद्या दिवशी हलवायला उशीर होईल. हे माझ्यासमोर सांगायची काय गरज होती, कळत नाही.

३ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन आलो. एसटीत कंडक्टरनं दोन तिकिटं घ्या म्हटलं, मी भांडलो, मग माधुरीनं दोन काढली.

सर्जन तरुण आहे, बारीक. अशा माणसाला आपल्या अडचणी काय कळणार, असं वाटलं, पण त्यानं नीट समजावलं. कागदावर जठर काढलं, एक मोठी पिशवी. तिच्या वरच्या टोकाला उभ्या पिना मारून एक छोटी, निमुळती पिशवी वेगळी करायची आणि तिच्या खालच्या तोंडाशी घट्ट पट्टी बसवायची. खाल्लेलं त्या पट्टीपाशी अडतं, चार घासांत पोट भरतं. उरलेली मोठी पिशवी आत तशीच, बिनकामाची. परदेशात काहीजण तो भाग कापूनच काढायला लागलेत म्हणे, आपल्याकडे अजून तिथवर कुणी गेलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे पोटहिस्सा पाडायचा. तो हसला नाही, त्याला जमिनीतलं काही कळत नसावं.

छातीपासून खाली मोठा छेद घ्यावा लागेल. एवढ्या वजनाच्या माणसाला भूल देण्यात जोखीम आहे. माधुरीनं विचारलं, नाही केलं तर? तो म्हणाला, त्यात जास्त आहे.

६ फेब्रुवारी

आईला सांगितलं. सांगायला तीन दिवस लागले.

ती म्हणाली, "पोतं शिवत्यात, भीमा. पोट कुनी शिवतं का?" मी सर्जनसारखाच कागदावर आकृती काढून दाखवली. तिनं कागद बाजूला सारला. म्हणाली, "आपल्या सात पिढ्यांत कुनाचं पोट भरलं न्हाई. तुझं एकट्याचं भरलं, तर तू त्याला टाकं घालाया निघालास." आणि तांदूळ निवडायला लागली. मी समजावत राहिलो, ती खडे काढत राहिली.

आईचं गोजरबाई रखमाजी हे नाव रेशनकार्डावर दुसरं आहे, घरात पहिलं. ती नाही म्हणाली की सावेडीतल्या या फ्लॅटमध्ये पंखासुद्धा हळू फिरतो.

१ मार्च

तारीख ठरली. तेव्हापासून आईनं वेगळीच आघाडी उघडली आहे. बोलत काही नाही, नुसती करते. काल शेंगोळे, आज मटण, उद्या पुरण. माधुरी म्हणते, सर्जननं ऑपरेशनच्या आधी पाच किलो तरी कमी करा म्हटलंय. मी आईला म्हटलं, एवढं कशाला करतेस? म्हणाली, "परत मिळायचं न्हाई." फाशीच्या कैद्याला विचारतात तसं चाललंय. आणि मी खातो. आपलं आपल्यालाच काय म्हणावं.

१६ मार्च, पुणे

लिहिता येतंय. छातीच्या खड्ड्यापासून बेंबीपर्यंत टाके आहेत. खोकलो की जीव जातो.

काल पहिल्यांदा पाणी दिलं. औषधाच्या टोपणानं, घोट घोट. तिसऱ्या टोपणाला पोट भरलं. पाण्यानं! हसू आलं, पण टाक्यांमुळे हसता येत नाही.

आई पहिल्यापासून इथेच आहे. येणार नाही म्हणाली होती आणि माधुरीच्या आधी गाडीत जाऊन बसली होती. खाटेजवळ स्टुलावर बसून असते. नर्सबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही खाली कँटीनला जाऊन जेवून या. ती गेली नाही. वाटलं, आता इथेही हट्ट.

५ एप्रिल

घरी येऊन दोन आठवडे झाले. सर्जननं सांगितलंय, आधी फक्त पातळ, मग मऊ, मग हळूहळू घट्ट, पण थोडं आणि चावून. ऑपरेशनला एवढा विरोध करणारी आई हे पथ्य अशी पाळतेय की मला लाज वाटावी. भाताची पेज, मुगाचं कढण, ताक. आता जरा ताकद यावी म्हणून नाचणीची खीर आणि खारकेचं दूध. वाटी-चमचा घेऊन समोर बसते. एक चमचा देते, थांबते, माझा चेहरा बघते, मग दुसरा. घाई नाही, कंटाळा नाही. उलटी होऊ देत नाही. अर्धी वाटी संपायला तिला कितीही वेळ लागला तरी चालतो आणि मग थोड्या वेळानं दुसरी वाटी. माधुरीनं विचारलं, आत्याबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "येतंय मला."

मी अजून भाकरीचा तुकडा तोंडात घातलेला नाही. या शिस्तीचं मला कौतुक वाटतं.

२० मे

पँट तीच घालतोय. दीड महिना झाला, पट्ट्याचं भोक बदललेलं नाही. हे मला समजत नाही. पोटाला पिना मारून घेतल्या, रजा संपवली, फंडातून पैसे काढले, आणि पट्टा आहे तिथेच. कधी कधी वाटतं, तो बारीक सर्जन पट्टी बसवायला विसरला.

खाणं म्हणाल तर अजून सगळं पातळ. घट्ट खाल्लं की छातीत अडकतं, मग उलटी, म्हणून आईच म्हणते, राहू दे, पातळ बरं. सध्या आंबे आलेत. आमरस घशात अडकत नाही, सरळ उतरतो, त्यात तुपाची धार घातली की आणखी हलका होतो असं ती म्हणते. ऊन लागू नये म्हणून दुपारी उसाचा रस. म्हणजे खातो काहीच नाही. वाढतं कशानं?

माधुरीच्या शाळेला सुट्टी लागली तरी पेपर तपासणं चालू होतं, ती घरात असून नसल्यासारखी. आज तिनं फ्रिज उघडला आणि रसाचं पातेलं बराच वेळ बघत उभी राहिली.

९ जून

तपासणी. सर्जनच्या काट्यावर पहिल्या महिन्यात जे अकरा किलो गेले होते त्यातले सात परत आले आहेत.

त्यानं काय खाता विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, पातळच. कसलं पातळ? आमरस, खीर, दूध-गूळ, उसाचा रस. तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "पट्टी भाकरी अडवते, साहेब. रस कसा अडवणार? तो वाहून जातो. तुम्ही ऑपरेशनला वळसा घातलाय." इतकी वर्षं लोकांच्या बांधावर उभा राहून मी पाणी कुठून कुठे जातं ते बघतो, आणि हे मला कळलं नाही! परत येताना एसटीत माधुरीला याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिला आधीच कळलं होतं. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, सांगितलं होतं, दोनदा.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. इतका कधी ओरडलो नव्हतो. तू मला मारायला निघालीस, असंही म्हणालो. ती ओट्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, यापुढे मी बास म्हटलं की बास, पोट भरलं म्हटलं की भरलं. तेव्हा ती बोलली.

"छबू बी आसंच म्हनली हुती. बहात्तर साली. खडी फोडून आले, पेज केली, चमच्यानं पाजत बसले. दोन चमचे पोटात गेले आन म्हनली, बास आई, पोट भरलं. आन भिताडाकडं त्वांड केलं."

छबू माझी धाकटी बहीण. दुष्काळात गेली. मी अकरा वर्षांचा होतो, खडीच्या कामावर सुकडीचं पीठ मिळायचं त्याच्या रांगेत मला उभं करत, एवढंच आठवतं. आईला कुठल्याही भांडणात बहात्तर साल काढायची सवय आहे. गॅस संपला तरी बहात्तर साल. मी म्हटलं, तेव्हा अन्न नव्हतं म्हणून ती गेली, आता घरात अन्न आहे आणि मी अन्नानं मरतोय, यात न कळण्यासारखं काय आहे? ती गॅलरीत जाऊन बसली. रस माधुरीनं शेजाऱ्यांना देऊन टाकला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला उभा राहिलो, अख्खा कार्यक्रम, खुर्ची न मागता. दवाखान्यातल्या काट्याची सुई आता शेवटच्या रेघेच्या अलीकडे थांबते. कंपाउंडर भिंतीकडे न बघता आकडा बघतो. रात्री श्वास थांबत नाही असं माधुरी सांगते, ती स्वतः आता झोपते. डोळ्यांखालचं काळं गेलं तिच्या. तेवढ्यासाठी तरी सगळं केलं म्हणायचं.

बाकी कुणी खूश नाही. ऑफिसात विचारतात, शुगर निघाली का. कर्जतच्या स्टँडवरचा चहावाला हळूच म्हणाला, सायेब, चांगल्या डॉक्टरला दाखवा. एक क्विंटल बावन्न होतो तेव्हा कुणाला काळजी नव्हती. दंडाची कातडी लोंबते, शर्टाच्या आत झोळ पडतो.

आई स्वयंपाक करते आणि निघून जाते. मला वाढतच नाही, माधुरी वाढते. दोन घास भाकरी, वरण, भाजी, हळूहळू चावत बसतो. आई गॅलरीत पाठमोरी. मला त्याचा राग येतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

पिकं निघाली, मोजणीचा हंगाम सुरू. ऑपरेशननंतरचं पहिलं बाहेरगावचं काम, ढवळवाडी. गोरक्ष आणि सहादेव, सख्खे चुलतभाऊ, मध्ये एक बांध आणि त्यावर एक बाभूळ. बाभूळ कुणाची यावरून दोन वर्षं बोलणं बंद. मोजणीचा अर्ज गोरक्षचा.

पायी हिंडलो. बांधावर चढलो, ओघळीत उतरलो. माझा शिपाई राधाकृष्ण साखळी धरून मागे राहिला आणि म्हणाला, साहेब, जरा दमानं. हे वाक्य मी पूर्वी त्याला म्हणायचो. तेवढ्यापुरता खूश होतो.

दुपारी गोरक्षकडे जेवायला बसलो. तिथे भाकरीचा चतकोर आणि वांगं, नीट चावून खाल्लं, पोट भरलं. मग सहादेवाकडे. पाट, रांगोळी, पुरणाच्या पोळ्या. मी सगळं समजावून सांगितलं, ऑपरेशन, पट्टी, पिना. सहादेवाची आई, बनुबाई, ऐकत होती. म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय सायबांना?"

माझ्या वडिलांनी हे ऐकायला हवं होतं. त्यांच्या गावात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आणि आज मला विचारतायत, आमच्या हातचं चालत नाही का. या प्रश्नावर काय उत्तर असतं? मी पोळी तोडली. चार घास दाबून खाल्ले आणि गोठ्यामागे जाऊन सगळं ओकलो. बनुबाईनं पाहिलं.

संध्याकाळी पंचनाम्यावर सहादेव सही करीना. म्हणाला, "गोरक्षाच्या घरचं पोटात ऱ्हायलं आन आमचं भाईर पडलं. आमाला काय समजायचं ते समजलं." मी परत ऑपरेशनचं सांगितलं. तो म्हणाला, ज्याला पोटच नाही तो जमीन काय मोजणार. हद्दीच्या खुणा अजून दाखवल्यासुद्धा नव्हत्या.

परत येताना जीपमध्ये दोनदा उलटी झाली. हात गार पडले होते.

७ डिसेंबर

निरीक्षक साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी कागद उलटसुलट केले. पुन्हा जा, म्हणाले, यावेळी सहादेवाकडे आधी जेवा, आणि सही घेऊनच या. मी म्हटलं, साहेब, मला चतकोर भाकरीपलीकडे खाता येत नाही. ते म्हणाले, दोन पोळ्यांनी काय होतं, एक दिवसाचा प्रश्न आहे. नाहीतर ऑफिसात बसा, जमिनीच्या फाळणीचे नकाशे काढा, तुमच्या जागी दुसरा जाईल.

म्हणजे जाड होतो तेव्हा चालत नव्हतो म्हणून ऑफिसात बसा, बारीक झालो तर जेवत नाही म्हणून ऑफिसात बसा. माणसानं जगायचं कसं? एक दिवसाचा प्रश्न खरंच आहे. दोन पोळ्या कशाबशा ढकलायच्या, सही घ्यायची, मग गोठ्यामागे. माधुरीला हे सांगितलं तर तिनं पट्टी सरकली तर काय, पिना उसवल्या तर काय, असं सगळं परत ऐकवलं. तिला शाळेत तपासनीस येणार आहेत, रजा मिळत नाही, आणि मला एकट्याला सोडायचं नाही. आई आतून म्हणाली, "मी जाते त्येच्यासंगं." जूनमधल्या त्या भांडणानंतरचं माझ्याबद्दलचं हे तिचं पहिलं वाक्य. माझ्याशी नव्हे, माधुरीशी.

११ डिसेंबर

काल दमलो होतो, आज लिहितोय.

जीपमध्ये आई पुढे बसली, मी मागे राधाकृष्णाजवळ. ढवळवाडी जवळ आली तशी ती रानं बघायला लागली. एक-दोन ठिकाणी बोट दाखवून म्हणाली, इथं खुरपायला येत हुतो, तिथं हिर हुती. मी माझ्याच विचारात होतो, दोन पोळ्यांच्या.

सहादेवाच्या अंगणात तिनं चपला पार फाटकापाशी काढल्या आणि तिथेच थांबली. बनुबाई म्हणाली, आत या की. आई उंबऱ्यापर्यंत आली, पुन्हा थांबली. मी म्हटलं, चल ना आता. तेव्हा कुठे येऊन माझ्याशेजारी पाटावर बसली. दोन ताटं वाढली. पुरणपोळी, आमटी, कुरडई, तुपाची वाटी. सहादेव दारात बसून माझ्या हाताकडे बघत होता. आईनं आपल्या ताटाला हात लावला नाही, तीही माझ्या हाताकडेच बघत होती.

मी सावकाश सुरू केलं. अर्धी पोळी होत आली आणि छातीत तो ओळखीचा दाब आला. थांबलो. बनुबाई दुसरी पोळी आणि तूप घेऊन आली. मी सहीचा विचार केला, साहेबांचा केला, फाळणीच्या नकाशांचा केला. वाढा, म्हणणार होतो. तेवढ्यात आईनं माझ्या ताटावर तिचा हात आडवा धरला.

"बास करा, बाई. माझ्या लेकाचं पोट भरलंय."

बनुबाई म्हणाली, "एवढ्यात? एक पोळी बी झाली न्हाई."

"व्हय. एवढंच हाय त्याचं. आन ते भरलंय. मी बघितलंय."

मला खरंच राग आला. मी सरकारी माणूस, आणि सहीच्या आधी माझी आई माझ्या वतीनं उत्तर देते. तिचा हात ताटावर तसाच होता. बनुबाईनं हातातली पोळी आईच्या ताटात टाकली, वर तूप ओतलं आणि म्हणाली, "मंग तुमी तरी जेवा."

आईनं माझ्या ताटावरचा हात काढला आणि जेवायला लागली. खाली मान घालून, भराभर नाही, पण थांबतही नाही. पहिली पोळी संपली, दुसरी संपली, आमटीची वाटी तिनं तोंडाला लावली. घरी ती कधी जेवते, काय जेवते, मला सांगता येणार नाही. आमचं झालं की मागे स्वयंपाकघरात काहीतरी खाते, एवढंच माहीत. बनुबाई आत वळली होती, आईनं तिला हाक मारली.

"बाई, आजून एक वाढा."

बनुबाईनं दोन आणल्या.

नंतर खुणा दाखवल्या. बांध हातभर गोरक्षाच्या बाजूला सरकला, बाभूळ सहादेवाच्या वाट्याला आली आणि सहादेवानं लगेच सही केली. ताटाचं कुणी नावही काढलं नाही. आता गोरक्ष अडून बसला. म्हणाला, साहेबांच्या आई त्यांच्याकडे जेवल्या, आमच्याकडे नाही. मी कपाळाला हात लावला. आई म्हणाली, चला. त्याच्याकडे तिनं भाकरी आणि खर्डा खाल्ला, वर ताक प्याली. दोन्ही सह्या झाल्या.

परतीला ती मागे माझ्याजवळ बसली. मी भांडायच्या तयारीत होतो. माझ्या पोटाचं तुला काय कळतं, असं म्हणणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, एवढी कशी काय जेवलीस?

"भूक लागली हुती."

"आजच?"

"न्हाई. लई सालांची."

मिरजगाव यायच्या आत तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला रडू आलं आणि राधाकृष्णाला दिसू नये म्हणून मी बाहेर बघत बसलो.